जखमी भटका कुत्रा: उचलणं आणि घरी ठेवणं हे दोन वेगळे निर्णय

एका ताईंनी विचारलंय: गाडीची धडक बसलेला एक तरुण भटका कुत्रा दोन दिवसांपासून एका उभ्या गाडीखाली पडून आहे. मागचा एक पाय टेकवत नाही, मांडीवर जखम आहे. पाणी पितो, पण कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. ताईंच्या घरी एक म्हातारी कुत्री आणि आठ वर्षांची मुलगी आहे. त्याला वाचवायचं आणि जमलं तर कायमचं घरी ठेवायचं अशी त्यांची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी पशुवैद्य आहे आणि माझं बरंचसं काम रस्त्यावरच्या प्राण्यांवरच चालतं. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवूया. त्याला उचलून उपचार मिळवून द्यायचे का, हे आजच ठरवा. त्याला घरात ठेवायचं का, हे आज मुळीच ठरवू नका. हे दोन्ही एकत्र धरल्यामुळे फार कुत्रे मरतात. ‘एकदा हात लावला की जन्मभर सांभाळावा लागेल’ या धास्तीने चांगली माणसंसुद्धा बाजूने निघून जातात. आणि काही जण त्याच्या उलट, कळवळ्यापोटी त्याच संध्याकाळी जखमी कुत्र्याला बैठकीच्या खोलीत आणतात आणि घरातल्या कुत्र्याला नको तो आजार लावून देतात.

दोन दिवस तो जिवंत आहे, पाणी पितोय, याचा अर्थ तातडीने जीव घेणारा रक्तस्राव बहुधा झालेला नाही. पण निर्धास्त होण्यासारखं हे नाही. धडकेनंतर मूत्राशय फुटलं असेल तर त्याची लक्षणं एक-दोन दिवसांनी दिसायला लागतात. फुप्फुसाला मार बसला असेल तर पहिल्या 24 ते 48 तासांत श्वास बिघडू शकतो. उघड्या जखमेवर माशा बसल्या की काही तासांतच अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून उद्यावर ढकलू नका.

सगळ्यात आधी त्या गाडीच्या मालकाला सांगा, म्हणजे कुणी नकळत गाडी सुरू करणार नाही. मग लांबूनच त्याचा श्वास मोजा. छाती किती वेळा वर येते ते 30 सेकंद मोजून दुप्पट करा. शांत पडलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला साधारण 10 ते 30 असतो. तो सतत 40 च्या वर असेल, मान ताणून, कोपरं बाहेर काढून, पोटाने ओढून श्वास घेत असेल, तर थांबायला वेळ नाही. अशा कुत्र्याला जितकं कमी हाताळाल तितकं चांगलं, कारण पकडापकडीतच त्याचा श्वास बंद पडू शकतो.

गुरगुरणं हा रागीटपणा समजू नका. वेदना होत असताना, पळता येत नसताना, अनोळखी माणूस अंगावर वाकतो तेव्हा त्याच्याकडे सांगण्याचा तेवढाच मार्ग उरतो. समोरून सरळ चालत जाऊ नका, डोळ्यांत बघू नका, वरून हात नेऊ नका. बाजूने जा, खाली बसा, हळू आवाजात बोलत राहा. कान मागे चिकटलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, ओठ चाटतोय, असं असेल तर तो घाबरलाय, त्याला वेळ द्या. अंग एकदम ताठ होऊन तो जागच्या जागी थिजला, तर मात्र मागे सरा. चावा घेण्याआधी बहुतेकदा असंच होतं.

आता रेबीज. हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याकडूनच येतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही. गाडीखालचा हा कुत्रा धडकेने जखमी झालाय हे कुणी पाहिलंय का, ते विचारा. खालचा जबडा लोंबतोय, सतत लाळ गळतेय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, चाल झोकांड्या खाते, दगड-माती चावतोय, यातलं काहीही दिसलं तर हात लावू नका, प्रशिक्षित माणसांना बोलवा. रेबीजचा एक प्रकार अगदी शांत असतो. कुत्रा चिडत नाही, फक्त तोंड उघडं टाकून बसतो, आणि घशात हाड अडकलंय असं वाटून कनवाळू माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. असं कधीही करू नका.

दात लागला, किंवा तुमच्या हातावरच्या ताज्या ओरखड्याला त्याची लाळ लागली, तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. खरंच घड्याळ लावून 15 मिनिटं. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रक्त आलं असेल आणि तुम्ही आधी लस घेतलेली नसेल, तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडं) हेही द्यावं लागतं. चावलेला कुत्रा 10 दिवसांनी जिवंत आणि ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं. पण या निरीक्षणाच्या भरवशावर लस सुरू करायची थांबू नका, आणि कुत्रा आधीच आजारी-जखमी असेल तर अजिबात नको. हे काम वारंवार करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी असं माझं ठाम मत आहे. निदान या कामात ती ऐच्छिक असू नये.

पकडायला किमान दोघं हवीत. जाड चादर किंवा ब्लँकेट, जाड हातमोजे, एक फळी किंवा पुठ्ठ्याचा मजबूत तुकडा, आणि मीटरभर मऊ पट्टी एवढं सोबत घ्या. रस्त्याच्या बाजूने एकाने आडोसा धरून वाट बंद करा. जखमी कुत्रा बिथरला की तीन पायांवर पळत सुटतो आणि दुसऱ्या गाडीखाली जातो. ब्लँकेट डोक्यावरून अलगद टाकलं की अंधारात बरेच कुत्रे शांत होतात. पट्टीची सैल गाठ नाकावर, मग जबड्याखाली फुली, मग कानांमागे गाठ, अशी तात्पुरती मुसकी बांधता येते. पण श्वास लागला असेल, उलटी होत असेल, जबड्याला मार असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर मुसकी बांधायची नाही. आणि बांधली तरी काही मिनिटांपुरतीच, कारण तोंड बंद झालं की कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करता येत नाही. त्याला उचलून कडेवर घेऊ नका. मानेमागची कातडी आणि कंबर धरून फळीवर सरकवा, म्हणजे मणक्याला मार असला तरी तो वाढण्याची शक्यता कमी होते. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा आणि जाळी घेऊन येणाऱ्या जाणकारांना बोलवा.

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, पाच-दहा मिनिटं उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. पाय मोडलाय असं दिसलं तरी काठ्या बांधू नका. मांडीचं हाड मोडलेलं असेल तर घरगुती आधार त्याच्या वरच्या सांध्याला धरूच शकत नाही, उलट तुटलेल्या जागी तरफेसारखा भार येतो आणि टोकं आतल्या मांसात घुसतात. घरातली वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात, त्यातून तो पाण्याविना पडलेला असेल तर लवकरच. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने नको. कुत्र्यांसाठीची वेगळी वेदनाशामकं आहेत, ती आम्ही सलाईन चढवून, रक्त तपासून देतो. आणि जखमेत अळ्या दिसल्या तर रॉकेल, टर्पेंटाइन, फिनाइल ओतू नका. अळ्या मरतात, पण कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो. फिनाइल तर कातडीतूनही शरीरात जातं. अळ्या काढणं, मेलेलं मांस साफ करणं आणि योग्य औषध देणं हे भूल किंवा गुंगी देऊन करायचं काम आहे.

दवाखान्यात पोचल्यावर तुमचं लक्ष त्या पायावर असेल. माझं लक्ष तिथे सर्वांत शेवटी जाईल. धडकेच्या कुत्र्यात आधी छातीचा एक्स-रे हवा: फुप्फुसाबाहेर हवा साठलीय का, श्वासपटल फाटून पोटातले अवयव छातीत गेलेत का. मग लघवी. दोन दिवसांत त्याने लघवी केलेली कुणी पाहिलीय का, हा प्रश्न मी तुम्हाला विचारणारच, म्हणून आजूबाजूच्या लोकांकडून तेवढी माहिती घेऊन या. (लघवी केली म्हणजे मूत्राशय शाबूतच असेल असं मात्र नाही, म्हणून सोनोग्राफी लागते.) हिरड्यांचा रंग, बोटाने दाबून सोडल्यावर तो 2 सेकंदांच्या आत परत येतो का, शरीराचं तापमान, रक्त. मोडलेलं हाड एक-दोन दिवस थांबू शकतं, आणि अशक्त कुत्र्याला घाईने भूल देण्यापेक्षा ते थांबलेलंच बरं.

रक्ततपासणीत गोचिडतापाची चाचणी आग्रहाने करून घ्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांत एर्लिकिया नावाचा गोचिडीतून येणारा जिवाणू पुष्कळ आढळतो. तो रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी करतो. बाहेरून कुत्रा धड दिसतो आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्त थांबत नाही. प्लेटलेट्स आधी बघितल्या तर हे टळतं. या तापावर डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस द्यावं लागतं, आणि चार दिवसांत तरतरी आली म्हणून मध्येच बंद करायचं नसतं.

पायाचं पुढे काय, हे कुठलं हाड मोडलंय त्यावर अवलंबून आहे. कमरेचं हाड फारसं न सरकता मोडलं असेल तर बऱ्याचदा शस्त्रक्रियेशिवाय, सहा-आठ आठवडे लहान जागेत बंदिस्त विश्रांतीवर जुळतं. गुडघ्याखालच्या काही मोडींना प्लॅस्टर पुरतं. मांडीच्या हाडाला बहुतेक वेळा सळी किंवा प्लेट लागते. पाय चिरडला असेल, नसा तुटल्या असतील, तर तो काढणं हाच दयाळू उपाय असू शकतो. हे ऐकून लोक हादरतात. पण कुत्रा शरीराचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर पेलतो, त्यामुळे मागचा एक पाय गेलेले कुत्रे लवकर चालायला, धावायलाही लागतात. दुखणारा, घासला जाणारा, पुन्हापुन्हा जखमी होणारा पाय शाबूत ठेवण्यापेक्षा मला ते कैक पटींनी बरं वाटतं.

दोन्ही मागचे पाय लुळे असतील तर प्रश्न मणक्याचा आहे. तेव्हा आम्ही त्याच्या मागच्या पायाचं बोट जोरात दाबून बघतो. पाय आखडून घेतला तर तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने मान वळवून बघितलं, कण्हला, चावायला आला, तर वेदना मेंदूपर्यंत पोचतेय आणि आशा आहे. पोचत नसेल तर आशा थोडी असते, आणि मग त्याला वेदनेत ठेवायचं की शांतपणे जाऊ द्यायचं हेही बोलावं लागतं. डॉक्टरला स्पष्ट विचारा: याला पुन्हा स्वतःहून लघवी-विष्ठा करता येईल का, त्याची वेदना आटोक्यात येईल का? खर्चाचंही पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोला. आपल्याला किती झेपेल हे सांगण्यात काही कमीपणा नाही, त्यावरून उपचाराचा मार्ग निवडता येतो.

दवाखान्यात असतानाच कातडीखाली मायक्रोचिप (मालकाची ओळख पटवणारी चिप) आहे का ते तपासून घ्या, गळ्यावर जुन्या पट्ट्याची खूण आहे का बघा, परिसरात फोटो दाखवा. भटका वाटणारा कुत्रा कधीकधी कुणाचा तरी हरवलेला असतो. कानाला मुद्दाम कापलेली खाच असेल तर बहुतेकदा त्याचं निर्बीजीकरण झालेलं असतं.

आता घरी आणण्याचं. तुमच्या म्हाताऱ्या कुत्रीसाठी निदान 14 दिवस तो पूर्णपणे वेगळ्या खोलीत राहायला हवा. आज धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यात पार्व्हो किंवा डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार मुरत असू शकतो, डिस्टेंपर तर काही वेळा त्याहूनही जास्त दिवस लपून राहतो. तिची लस वेळच्या वेळी झालीय का ते आजच बघा. दोघांची भांडी, अंथरुणं, पट्टे वेगळे. आधी तिचं सगळं उरका, मग त्याच्या खोलीत जा. उलट क्रम नको. बाहेर येताना हात धुवा, कपडे बदला. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. आधी घाण धुऊन मग ब्लीच 1 भाग, पाणी 30 भाग असं मिश्रण 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं. डोळ्या-नाकातून घट्ट स्राव, खोकला, ताप, पुढे अंगाचे स्नायू आपोआप उडणं ही डिस्टेंपरची चिन्हं, ती दिसली तर लगेच डॉक्टरला कळवा.

मुलीसाठी दोन गोष्टी. खूप खाज आणि कानांच्या कडांवर खपल्या असतील तर ती खरूज माणसालाही लागते, उपचार होईपर्यंत तिने त्याला हात लावायचा नाही. त्याची विष्ठा त्याच दिवशी उचला, कारण त्यातली गोलकृमींची (पोटातल्या जंतांची) अंडी बाहेर पडल्या पडल्या नव्हे, तर काही दिवस-आठवड्यांनी संसर्ग देऊ लागतात. लघवी हातमोजे घालून पुसा, त्यातून लेप्टोस्पायरा हा माणसालाही आजारी पाडणारा जिवाणू पसरू शकतो.

खाण्याबाबत एक इशारा, कारण इथे प्रेमानेच घात होतो. तो दोनच दिवस उपाशी असेल तर थोडं थोडं, चार-पाच वेळा दिलंत की झालं. पण हाडं वर आली असतील, आठवडेच्या आठवडे उपासमार झाली असेल, तर पहिल्या दिवशी ताट भरून वाढू नका. उपाशी शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम एकदम खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं. 16 किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण 560 किलोकॅलरी लागतात. अशा उपाशी कुत्र्याला पहिल्या दिवशी त्याच्या पाव हिश्शाने सुरुवात करून चार-पाच दिवसांत पूर्ण प्रमाणावर आणतात, तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली.

पहिले काही दिवस तो कदाचित फक्त झोपेल. कोपऱ्यात तोंड करून बसेल, तुम्ही खोलीत असताना खाणार नाही. हे चालेल. टाके निघेपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस, अंघोळ नाही. गळ्यातला प्लॅस्टिकचा शंकू त्याला आवडत नाही म्हणून काढू नका, एका रात्रीत टाके उसवून ठेवतात. बँडेज रोज बघा: बोटं सुजलीत का, वास येतोय का, ओलं झालंय का. यातलं एकही असलं तर त्याच दिवशी दवाखाना. गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि न सांगता चावतो. पहिल्या आठवड्यांत दार उघडं राहिलं की तो पळणार हे धरूनच चाला. बाहेर नेताना छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा, दोन्हींना दोरी. मुलीला आणि त्याला एकटं सोडायचं नाही, कितीही शांत वाटला तरी. त्याचं खाणं, झोपण्याची जागा आणि दुखरी बाजू, या तिन्हींपासून लांब राहायचं हे तिला आधीच समजावून सांगा.

याच कारणासाठी मी म्हणते, ठेवायचा निर्णय लांबवा. वेदनेतल्या कुत्र्याचा स्वभाव कळत नाही. पहिल्या दिवशी चावायला येणारे कित्येक कुत्रे दुखणं थांबल्यावर मांडीत डोकं ठेवून झोपतात. आणि अशक्तपणामुळे गरीब वाटलेला कुत्रा ताकद आल्यावर खाण्याच्या भांड्याजवळ कुणाला फिरकू देत नाही, असंही होतं. सहा ते आठ आठवड्यांनी तुम्हाला खरा कुत्रा दिसेल. वेगळं ठेवण्याची मुदत संपून दुखणं आटोक्यात आलं की त्याची आणि तुमच्या कुत्रीची भेट घराबाहेर, मोकळ्या जागी घडवा. दोघांना दोन माणसांनी धरून समांतर चालवायचं, अंतर हळूहळू कमी करायचं. तिचे सांधे दुखत असतील तर तरुण कुत्र्याच्या उड्या तिला सोसणार नाहीत. ती खाणं कमी करू लागली, लपू लागली, तर ते तिचं उत्तर आहे आणि त्याला वजन द्या. हे घर आधी तिचं आहे.

तो पुरता बरा झाला, चारही पायांवर चालतोय, निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झालीय, आणि त्याच्या मूळ जागी त्याला ओळखणारी, खाऊ घालणारी माणसं आहेत, तर त्याला तिथेच परत सोडणं हाही चांगला मार्ग आहे. मोकळेपणात वाढलेला मोठा कुत्रा बंद घरात कायम बेचैन राहू शकतो. पण पाय गेलेला, म्हातारा, किंवा अजून पिल्लूच असलेला कुत्रा वाहत्या रस्त्यावर परत सोडू नका. फार महिने लोटले असतील तर त्याच्या जागेवर दुसरे कुत्रे आलेले असतात, तेही बघा.

तुमच्याकडे जमणार नाही असं दिसू लागलं तर नवं घर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासूनच शोधायला लागा, तो बरा होईपर्यंत थांबू नका. घेणाऱ्यांना दोन-तीनदा भेटायला बोलवा, घरातल्या प्रत्येकाला कुत्रा हवाय का ते स्वतः विचारा. देताना एक्स-रे, लशींच्या तारखा, पायात प्लेट असेल तर त्याची नोंद, औषधांची नावं, आणि तो कशाला घाबरतो हे सगळं लिहून द्या. जमलं नाही तर कुत्रा तुमच्याकडेच परत यायला हवा, हेही त्याच कागदावर लिहून दोघांनी सही करा.